जिवाणूंनाही न पचणारे पाणी

उसाच्या मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढले की मागे आठ ते पंधरा लिटर पाणी उरते. ते गरम असते, आंबट असते आणि रंगाने काळपट तपकिरी असते. डिस्टिलरीत काम करणारे त्याला स्पेंटवॉश म्हणतात; ओढ्याकाठचा शेतकरी त्याला मळीचे पाणी म्हणतो. सोलापूर जिल्हा सोडून भीमा कर्नाटकात येते, तिथल्या अफझलपूरपासून आळंद, हुमनाबाद, भालकीपर्यंत ऊस आहे आणि साखर कारखाने आहेत. कारखान्याच्या जोडीला डिस्टिलरी आली की हे पाणीही येते. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट आधी २०३० साठी होते, ते २०२५ वर आणले गेले आणि देशभर डिस्टिलऱ्यांची क्षमता झपाट्याने वाढली. प्रश्न जुनाच आहे, पण त्याचा आकार आता पूर्वीचा राहिलेला नाही.

तो आकार किती, याचा एक हिशेब मांडून पाहू. रोज ६० हजार लिटर अल्कोहोल बनवणारी डिस्टिलरी मध्यम आकाराची मानली जाते. लिटरमागे दहा लिटर स्पेंटवॉश धरला तर दिवसाला सहा लाख लिटर होतो. त्यातल्या सेंद्रिय घाणीचे माप बीओडी या आकड्यात सांगतात. ती घाण खाऊन संपवताना जिवाणूंना किती ऑक्सिजन लागेल, ते हा आकडा सांगतो. घरगुती सांडपाण्यात तो लिटरमागे दोनशे-तीनशे मिलिग्रॅम असतो. कच्च्या स्पेंटवॉशमध्ये ४० ते ६० हजार. मधले ५० हजार धरले तर दिवसाचा भार ३० हजार किलो होतो. एक माणूस दिवसाकाठी सांडपाण्यात साधारण ४५ ग्रॅम बीओडी टाकतो. भागाकार केला की साडेसहा लाख माणसे येतात. २०११ च्या जनगणनेत कलबुर्गी शहराची लोकसंख्या सुमारे ५.३ लाख होती. म्हणजे एका मध्यम डिस्टिलरीचे कच्चे पाणी साऱ्या कलबुर्गी शहराच्या सांडपाण्याहून जास्त भार वाहते.

आता हे पाणी नदीत गेले तर काय होते ते पाहा. उन्हाळ्यात भीमेच्या किंवा बीदर जिल्ह्यातून वाहणाऱ्या मांजरा नदीच्या स्वच्छ पाण्यातही लिटरमागे फार तर आठ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो, कारण पाणी जितके कोमट तितका त्यात ऑक्सिजन कमी राहतो. एक लिटर स्पेंटवॉशला ५० ग्रॅम ऑक्सिजन हवा. तो पुरवायला सव्वासहा हजार लिटर नदीचे पाणी आपला सगळा ऑक्सिजन देऊन बसते. मासे आधी पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करतात, मग उलटे तरंगतात. माशांना विष घातल्याचा संशय अशा वेळी गावात पसरतो. प्रत्यक्षात ते गुदमरलेले असतात. गाणगापूरला भीमा-अमरजेच्या संगमावर महाराष्ट्रातून लाखो भाविक स्नानाला येतात. तिथे पोचणारे पाणी वर उजनी धरणातून, पुण्याच्या मुळा-मुठेतून आलेले असते आणि वाटेत किती गावांचे, किती कारखान्यांचे देणे घेऊन आलेले असते. नदीचा प्रश्न एका जिल्ह्याच्या हद्दीत कधीच मावत नाही.

बीओडीची कल्पना इंग्लंडमधली. सांडपाण्याच्या विल्हेवाटीसाठी १८९८ मध्ये तिथे एक रॉयल कमिशन नेमले गेले आणि त्याच्या १९१२ च्या आठव्या अहवालाने हे माप जगात रूढ केले. नमुना पाच दिवस ठेवायचा आणि किती ऑक्सिजन खर्ची पडला ते मोजायचे, अशी ती रीत. आपल्याकडे इंग्लंडचा गारठा नाही. म्हणून भारतीय मानकाने २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस ही रीत स्वीकारली, आणि ती योग्यच आहे. आपल्या हवेत जिवाणू जास्त भराभर खातात. नदीत सोडायच्या पाण्याला बीओडीची सर्वसाधारण मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम आहे. ५० हजारातले ९९.९ टक्के काढून टाकले तरी ५० उरतात, म्हणजे मर्यादेच्या वर. अभियंत्याची खरी परीक्षा या शेवटच्या अंशात आहे.

पहिला मोठा वाटा मात्र जिवाणू आनंदाने उचलतात. १९१४ मध्ये मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट यांनी सांडपाण्यात हवा फुंकून, खाली बसलेला गाळ टाकून न देता पुन्हा पुन्हा वापरून पाहिला. तो गाळ म्हणजे जिवाणूंची जिवंत फौज होती. आज जगभरातल्या असंख्य शहरांचे सांडपाणी याच पद्धतीने शुद्ध होते. पण स्पेंटवॉशइतक्या दाट पाण्यात हवा फुंकायची म्हटली तर विजेचे बिल परवडत नाही. तिथे ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू कामाला लावतात. बंद टाकीत ते सेंद्रिय पदार्थाचे मिथेन वायूत रूपांतर करतात. एक घनमीटर स्पेंटवॉशमागे तीसेक घनमीटर बायोगॅस मिळतो आणि तो कारखान्याच्या बॉयलरमध्ये जळतो. बीओडीचा ८० ते ९० टक्के भाग असा निघून जातो. प्रदूषण कमी होते आणि इंधनही मिळते, त्यामुळे हा टप्पा डिस्टिलऱ्यांनी लवकर आपलासा केला.

अडचण त्यानंतर सुरू होते. बायोगॅसच्या टाकीतून बाहेर आलेले पाणी अजूनही काळपट तपकिरीच असते. कलबुर्गीच्या घरात तव्यावर ज्वारीची भाकरी शेकताना तिच्यावर जे तपकिरी डाग उठतात, त्यांच्यामागे साखर आणि प्रथिने उष्णतेत एकमेकांना चिकटण्याची जी क्रिया असते, तीच इथेही घडलेली असते. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामिल माइयार यांनी १९१२ मध्ये तिचे वर्णन केले. रस उकळताना, साखर काढताना, मळी साठवताना आणि अल्कोहोल गाळताना ही क्रिया पुन्हा पुन्हा होते आणि शेवटी मेलॅनॉइडिन नावाचे मोठे, गुंतागुंतीचे रेणू तयार होतात. जिवाणूंची विकरे त्यांना कुठे धरायचे तेच जाणत नाहीत. उलट हे रेणू काही जिवाणूंना रोखूनही धरतात. पाण्यात ते असले की ऊन खालपर्यंत पोचत नाही आणि शेवाळाला, पाणवनस्पतींना ऑक्सिजन बनवता येत नाही.

म्हणून बीओडीच्या शेजारी दुसरा आकडा ठेवावा लागतो. पाण्याचा नमुना तीव्र आम्लात, डायक्रोमेट घालून दीडशे अंशाला दोन तास तापवला की जिवाणूंना पचणारे आणि न पचणारे असे जवळपास सगळे सेंद्रिय द्रव्य ऑक्सिडीकृत होते. त्यातून मिळणारा आकडा म्हणजे सीओडी. कच्च्या स्पेंटवॉशमध्ये तो लाखाच्या घरात असतो. बीओडीला सीओडीने भागले की पाण्याची पचनीयता कळते. भागाकार ०.५ च्या आसपास असला तर जिवाणू काम करतील; ०.३ च्या खूप खाली गेला तर त्यांच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. बायोगॅसच्या टाकीने नेमके पचणारे तेवढे खाऊन घेतलेले असते, त्यामुळे बाहेर येणाऱ्या पाण्यात हा भागाकार घसरलेला असतो. बीओडी कमी झाला म्हणून पाणी सुधारले असे म्हणणारा अहवाल त्यामुळे अर्धेच सांगतो. माझ्या मते सांडपाण्याच्या कोणत्याही अहवालात पहिल्यांदा पाहायची गोष्ट ही आहे, आणि आपल्याकडच्या चर्चांत तिचाच उल्लेख सर्वांत कमी असतो.

न पचणाऱ्या रेणूचे तुकडे करून ते जिवाणूंपुढे ठेवायचे, या कल्पनेवर ज्यांनी दीर्घकाळ काम केले त्यांत मुंबईच्या माटुंग्यातील रसायन तंत्रज्ञान संस्थेचे प्राध्यापक अनिरुद्ध पंडित यांचे नाव मोठे आहे. ही संस्था १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग म्हणून सुरू झाली, २००८ मध्ये अभिमत विद्यापीठ बनली, आणि पंडित २०१९ मध्ये तिचे कुलगुरू झाले. त्यांचा आवडीचा विषय बुडबुडे. पाण्यात बुडबुडा निर्माण करायचा आणि तो फोडायचा. फुटताना जी ऊर्जा एका बिंदूवर एकवटते तिच्याकडून रासायनिक काम करून घ्यायचे.

बुडबुड्यांची ही ताकद माणसाला आधी नुकसान म्हणूनच कळली. १८९० च्या दशकात ब्रिटिश नौदलाची डेअरिंग ही विनाशिका चाचणीत ठरलेला वेग गाठेना. पंखा इतक्या जोरात फिरत होता की त्याच्या पात्यांमागे दाब कोसळून पाण्यात वाफेच्या पोकळ्या बनत होत्या. पुढे दिसले की या पोकळ्या मिटताना पितळ-पोलादालाही खड्डे पाडतात. १९१७ मध्ये लॉर्ड रॅले यांनी मिटणाऱ्या पोकळीतल्या दाबाचे गणित मांडले. सीमाभागातल्या शेतकऱ्याला हा प्रकार परका नाही. विहिरीचे पाणी खोल गेले आणि पंप वरच राहिला की शोषणाच्या बाजूला दाब फार उतरतो, पंपातून खडे फिरल्यासारखा आवाज येतो आणि काही महिन्यांत इम्पेलर खाल्लेला दिसतो. तो आवाज फुटणाऱ्या पोकळ्यांचाच असतो. अभियांत्रिकीत या प्रकाराला कॅव्हिटेशन म्हणतात.

धातू पोखरणारी ही शक्ती रेणू तोडायला वापरता येईल का, हा प्रश्न पंडितांनी घेतला. आधी प्रयोगशाळांत हे ध्वनिलहरींनी करत असत. अतिउच्च कंपनसंख्येचा ध्वनी पाण्यात सोडला की बुडबुडे बनतात आणि मिटतात; पण ध्वनीने एक चंबू ढवळता येतो, कारखान्याची टाकी नाही. जे. बी. जोशी आणि पंडित यांनी १९९३ मध्ये तेलाच्या जलापघटनावर काम करताना साधा प्रवाहच बुडबुडे बनवू शकतो हे वापरून दाखवले. पंपाने पाणी ढकलायचे आणि वाटेत भोक पाडलेली एक चकती किंवा मध्ये निमुळती होणारी नळी ठेवायची. अरुंद जागेत वेग वाढतो, त्यामुळे दाब उतरतो, इतका की त्या तापमानालाच पाण्याची वाफ होऊन बुडबुडे उठतात. पुढे नळी रुंद झाली की दाब परत चढतो आणि बुडबुडे मिटतात. यात हलणारा भाग फक्त पंप. साहित्य तालुक्याच्या गावातल्या वर्कशॉपमध्येही बनू शकेल इतके साधे.

मिटणाऱ्या बुडबुड्याच्या पोटात मायक्रोसेकंदभर हजारो अंश तापमान आणि शेकडो वातावरणांइतका दाब निर्माण होतो. आत अडकलेली पाण्याची वाफ तुटते आणि हायड्रॉक्सिल मूलक जन्माला येतात: एक ऑक्सिजन, एक हायड्रोजन आणि जोडीदार नसलेला एक इलेक्ट्रॉन. ही अपुरी जोडी पूर्ण करण्यासाठी ते समोर येईल त्या रेणूतून इलेक्ट्रॉन किंवा हायड्रोजन ओढून घेतात. ऑक्सिडीकरणाची ताकद व्होल्टमध्ये मोजतात, क्लोरिनची १.३६, हायड्रोजन पेरॉक्साइडची १.७८, ओझोनची २.०७, आणि या मूलकाची २.८. मेलॅनॉइडिनसारख्या थोराड रेणूला कुठेही चावा घेण्याची क्षमता त्यात आहे. फक्त तो टिकत नाही. जन्मल्या जागी, सेकंदाच्या अब्जांश भागात त्याला काम करावे लागते.

हायड्रॉक्सिल मूलक बनवायचे दुसरेही मार्ग आहेत. केंब्रिजच्या हेन्री फेंटन यांनी १८९४ मध्ये लोहाचा क्षार आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आले की टार्टारिक आम्ल झपाट्याने ऑक्सिडीकृत होते हे प्रसिद्ध केले. त्यामागे हा मूलक असावा ही कल्पना हाबर आणि वाइस यांनी १९३४ मध्ये मांडली. फेंटनची रीत स्वस्त आणि खात्रीची. पण पाणी आधी आम्लधर्मी करावे लागते आणि शेवटी लोहाचा गाळ उरतो, तो कुठे टाकायचा हा नवा प्रश्न येतो. ओझोन, अतिनील किरण, प्रकाशात काम करणारे टायटॅनियम डायऑक्साइड असेही पर्याय आहेत. या सगळ्यांना मिळून प्रगत ऑक्सिडीकरण म्हणतात. पंडित आणि त्यांचे सहकारी पराग गोगटे यांनी २००४ मध्ये या साऱ्या पद्धतींचा दोन भागांत सविस्तर आढावा घेतला. पहिला भाग एकेकट्या पद्धतींचा, दुसरा त्यांच्या जोड्यांचा. जगभरच्या संशोधकांनी तो आजवर आधाराला घेतला आहे. मला त्यातला दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो, कारण एकच पद्धत सगळे पाणी शुद्ध करील हा आग्रह तिथे सोडलेला आहे.

आपल्या विषयाशी थेट भिडणारे काम २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. नागपूरची नीरी, म्हणजे १९५८ मध्ये सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीसाठी स्थापन झालेली आणि १९७४ पासून पर्यावरण अभियांत्रिकीचे नाव लावणारी राष्ट्रीय संस्था, आणि पंडितांचा गट यांनी मिळून बायोगॅसच्या टाकीतून आलेले डिस्टिलरीचे पाणी अशा अरुंद वाटेतून फिरवले. दाब बदलले, वेळ बदलली, पाणी कमी-अधिक पातळ करून पाहिले. उत्तम परिस्थितीत सीओडी सुमारे ३२ टक्के उतरला, एकूण सेंद्रिय कार्बन ३१ टक्के उतरला, रंग ४८ टक्के कमी झाला. पण त्या संशोधकांचे लक्ष या टक्क्यांपेक्षा पचनीयतेवर होते. बीओडी आणि सीओडीचा भागाकार ०.३२ वर आला. अडलेले पाणी जिवाणूंना पुन्हा खाता येईल अशा रेषेवर येऊन पोचले. दुसरी गोष्ट मला फार बोलकी वाटते: १३ बार दाबाला पचनीयता सर्वांत वाढली, पण विषारीपणा कमी करायला ५ बारच जास्त योग्य ठरला. आधी काय साधायचे ते ठरवल्याशिवाय यंत्राची किल्ली फिरवता येत नाही.

सगळी घाण बुडबुड्यांनीच संपवायची ठरवली तर काय होईल? एक घनमीटर पाणी १३ बार दाबाने एकदा ढकलायला ०.३६ युनिट वीज लागते. पंपाची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर ०.६. समजा तेच पाणी ५० वेळा फिरवावे लागले, तर घनमीटरमागे ३० युनिट. सहा लाख लिटरला दिवसाकाठी १८ हजार युनिट. त्याच पाण्याने आधी दिलेल्या १८ हजार घनमीटर बायोगॅसपासून, घनमीटरला दोन युनिट धरून, ३६ हजार युनिट वीज बनू शकते. म्हणजे अर्धी कमाई परत त्याच पाण्यावर जाईल. शिवाय बायोगॅसच्या टाकीतून येणाऱ्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असते आणि क्षारही. हायड्रॉक्सिल मूलक मेलॅनॉइडिनपर्यंत पोचण्याआधी यांच्यावरच खर्ची पडतात. कागदावरची २.८ व्होल्टची ताकद टाकीत तशीच्या तशी मिळत नाही ती यामुळे.

म्हणून मोठ्या डिस्टिलऱ्यांनी वेगळी वाट धरली आहे. स्पेंटवॉश आटवून दाट करायचा आणि खास बॉयलरमध्ये बगॅससारख्या इंधनाबरोबर जाळायचा. राखेत पोटॅश मिळते. डिस्टिलरीतून एक थेंबही बाहेर जाऊ नये अशी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची भूमिका आहे, आणि मोठ्या प्रमाणावर ती पाळायचा आज हा सर्वांत थेट मार्ग आहे. या बाबतीत मी आटवून जाळण्याच्या बाजूने आहे. बुडबुड्यांचे तंत्र शोभते ते जिथे पाणी थोडे असते पण अतिशय चिवट असते तिथे. अशा पाण्यासाठी बीदरकडे वळावे लागते.

बीदर शहराजवळची कोळार औद्योगिक वसाहत आणि हुमनाबादची वसाहत, दोन्हीकडे औषधांचा कच्चा माल बनवणारे आणि रासायनिक कारखाने आहेत. गोळी कुठेही बनो, तिच्यातले मूळ द्रव्य अशाच ठिकाणी रिॲक्टरमध्ये तयार होते. एक औषध बनवायला पाच-सहा पायऱ्या लागतात आणि प्रत्येक पायरीवर मिथेनॉल, टोल्युईन यांसारखे द्रावक, आम्ले, क्षार आणि अर्धवट घडलेले रेणू मागे राहतात. आज एक औषध, पुढच्या महिन्यात दुसरे. त्यामुळे पाण्याची घडणही बदलत राहते. प्रतिजैविकांच्या कारखान्यात तर आणखी एक पेच येतो. जिवाणू मारण्यासाठीच घडवलेले द्रव्य सांडपाण्यात असते आणि ते सांडपाणी शुद्ध करायला आपण जिवाणूच नेमलेले असतात.

याच मांजरेच्या खोऱ्यात, बीदरच्या खालच्या बाजूला काय घडले ते जगाला माहीत आहे. सोलापूर-हैदराबाद महामार्ग हुमनाबाद, जहिराबाद करत पटनचेरूला पोचतो. तिथल्या नव्वदेक औषधनिर्मात्यांचे सांडपाणी ज्या सामाईक प्रक्रिया केंद्रात जात होते, त्याच्या प्रक्रिया झालेल्या पाण्याचे नमुने स्वीडनच्या योकिम लार्सन यांच्या गटाने तपासले आणि निष्कर्ष २००७ मध्ये छापले. सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत होते. काही जिवाणूंना मारायला जेवढे पुरे त्याच्या हजारपटीहून ते जास्त. एका दिवसात सुमारे ४५ किलो, म्हणजे ९० लाख लोकवस्तीचा सारा स्वीडन पाच दिवसांत जेवढे घेतो तेवढे औषध बाहेर पडत होते. त्या परिसरातला नक्कावागु नावाचा ओढा पुढे मांजरेला मिळतो. अशा पाण्यात जे जिवाणू तगतात ते प्रतिजैविकांना दाद न देणारे असतात, आणि तो गुण ते दुसऱ्या जिवाणूंना देऊ शकतात. इथे बीओडीचा आकडा मर्यादेत असला तरी समाधान मानता येत नाही. तो मोजतो ते हे नव्हेच.

प्रगत ऑक्सिडीकरणाला इथे खरे काम आहे. प्रतिजैविकाचा रेणू पूर्ण जाळून कार्बन डायऑक्साइड करण्याची गरज नसते. पेनिसिलीनच्या घराण्यातले औषध त्याच्या बीटा-लॅक्टम या चौकोनी कड्यामुळे जिवाणूला मारते. ते कडे उघडले की औषध निकामी होते. मूलकाचे एक-दोन नेमके घाव पुरे पडू शकतात. तुकड्यांना पुढे जिवाणू खातात. तुकडेही अपायकारक नाहीत ना, हे मात्र दरवेळी जिवंत जिवाणूंवर, माशांवर तपासूनच घ्यावे लागते. नुसता सीओडी पाहून त्याची खात्री होत नाही.

आणि हे सगळे तेव्हाच परवडते, जेव्हा चिवट पाणी आधीच वेगळे ठेवलेले असते. कारखान्यातले लोक हाय टीडीएस आणि लो टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार जास्त असलेला आणि कमी असलेला, असे प्रवाह वेगळे सांगतात. खारट, दाट प्रवाहातून आधी द्रावक वाफेने काढून घ्यावा, मग पाणी आटवून मीठ वेगळे करावे; प्रतिजैविक असलेला छोटा प्रवाह बुडबुड्यांकडे, फेंटनकडे किंवा ओझोनकडे न्यावा; कॅन्टीन-स्नानगृहांचे पाणी थेट जिवाणूंकडे. या तिन्हींची एकदा एका टाकीत गाठ पडली की सहा हजार लिटरांचा प्रश्न सहा लाख लिटरांचा होतो, आणि मग कोणतेही तंत्र महागच ठरते. सांडपाण्याची पन्नास टक्के अभियांत्रिकी नळ कुठे जोडायचा नाही यात असते, असे मला वाटते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही विवेक रानडे आणि विनय भांडारी यांच्या गटाने औद्योगिक सांडपाण्यासाठी प्रवाहाला भोवऱ्यात फिरवून बुडबुडे घडवणारे व्होर्टेक्स डायोड वापरले. त्यात अरुंद भोक नसल्याने गाळाने तुंबण्याची भीती कमी असते. छोट्या प्रवाहांसाठी ही दिशा आशादायक आहे.

बीदरच्या बाबतीत घाई करण्याचे एक जादा कारण आहे. हे शहर ज्या पठारावर आहे ते जांभ्याचे. जांभा सच्छिद्र असतो. पडलेला पाऊस त्यातून मुरत खालच्या काळ्या पाषाणापर्यंत जातो आणि त्याच्या सांध्याशी आडवा वाहू लागतो. पंधराव्या शतकात बहमनी राजवटीत नौबादला जो भूमिगत करेझ खोदला गेला तो हे पाणी पकडण्यासाठीच. दोन किलोमीटरहून लांब बोगदा, वर ठरावीक अंतरावर हवेची आणि उपशाची विवरे. ज्या खडकाने शतकानुशतके शहराला गोडे पाणी दिले, तो वरून ओतलेली घाणही तितक्याच सहज खाली नेईल. नदी पुराने धुऊन निघते. विहिरीला ती सोय नाही.

नियमांचा प्रवास मात्र रखडला आहे. २०२० च्या जानेवारीत केंद्राने औषधनिर्मितीच्या सांडपाण्यात शंभराहून अधिक प्रतिजैविकांना प्रत्येकी किती मर्यादा असावी याचा मसुदा काढला होता. २०२१ च्या ऑगस्टमध्ये अंतिम अधिसूचना आली, तेव्हा त्या मर्यादा त्यात नव्हत्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ च्या सप्टेंबरमध्ये याच विषयावर पहिली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. मसुदा तयार होता, शास्त्र उपलब्ध होते, आणि तरीही मर्यादा गळाल्या ही गोष्ट चुकीची झाली. ती दुरुस्त व्हायला हवी.

कामाला माणसे बाहेरून आणावी लागतील असेही नाही. कलबुर्गीचे पी.डी.ए. अभियांत्रिकी महाविद्यालय १९५८ पासून उभे आहे आणि तिथे पर्यावरण अभियांत्रिकीचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. तिथल्या विद्यार्थ्यांनी शेतातल्या टाकाऊ मालापासून सक्रिय कोळसा बनवून पाण्यातले क्रोमियम शोषण्याचे प्रयोग छापले आहेत. भालकीत, बीदरमध्ये अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. तुरीच्या कलबुर्गी जिल्ह्यात तुराट्यांना तोटा नाही. त्यांचा कोळसा औषधांच्या सांडपाण्यावर किती चालतो, हुमनाबादच्या पाण्याला ५ बार पुरतो की १३ लागतो, ऑक्सिडीकरणानंतर उरलेले पाणी जिवाणूंना खरोखर मानवते का, हे प्रश्न माटुंग्यातून किंवा नागपुरातून सुटणार नाहीत. पाणी रोज बदलते. त्याच्या शेजारी राहणाऱ्यानेच ते मोजले पाहिजे.

डिस्टिलरी किंवा औषधाचा नवा प्रकल्प येताना पर्यावरण मंजुरीच्या प्रक्रियेत जिथे जनसुनावणी असते, तिथे अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत मिळणे हा गावकऱ्यांचा हक्क आहे. औराद, भालकी, आळंदच्या वाचकांना माझी विनंती आहे की त्या दिवशी सभेला जा. बीओडी सांगितला तर शेजारी सीओडीही मागा. दाट प्रवाह वेगळा ठेवणार का, आणि कुठल्या टाकीत, हे नकाशावर दाखवायला सांगा. आणि प्रकल्प सुरू होण्याआधी, उन्हाळ्यात, आसपासच्या प्रत्येक विहिरीच्या पाण्याची तपासणी करून घेऊन त्याची प्रत ग्रामपंचायतीत ठेवा. दहा वर्षांनी पाणी बदलले का, हे ठरवायला तोच एक पुरावा हाताशी असेल.